न्यायालयातल्या नोकरीची तयारी: आधी नाव तपासा

गोव्यातल्या न्यायालयांत नोकरी हवी असणाऱ्यांनी ही यादी जाहिरात येण्याआधी वाचायची आहे. जाहिरात आली की अर्जाला मोजके दिवस मिळतात, आणि ज्या एका कामासाठी मी हे लिहायला बसले आहे त्यात अख्खा पावसाळा जाऊ शकतो. ते काम म्हणजे तुमच्या सगळ्या कागदांवर तुमचे नाव सारखे आहे का ते बघणे. सारखे म्हणजे अक्षर न् अक्षर सारखे, इंग्रजी स्पेलिंगसकट.

पहिल्यांदा मी कनिष्ठ कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा लेखी परीक्षा पार पडली, टायपिंग पार पडले आणि कागदपत्रांच्या पडताळणीचे बोलावणे आले. घरात पेढे आणायचेच बाकी होते. टेबलापलीकडच्या बाईंनी माझा जन्मदाखला आणि दहावीचे प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून म्हणाल्या, ह्यातली तुम्ही कुठली? जन्मदाखल्यावर आमचे देसाई दोन एसने होते, वडिलांचे आजोबांच्या काळापासून चालत आलेले. शाळेत मास्तरांनी एका एसने लिहिले आणि पुढे दहावी, बारावी, पदवी सगळे एकाच एसने झाले. वडिलांचे नावही एकीकडे विष्णू आणि दुसरीकडे पोर्तुगीज वळणाचे, शेवटी एम लावलेले. मी धावत जाऊन नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून आणले. ते पुरेसे नव्हते. जो कागद हवा होता तो त्यांनी दिलेल्या मुदतीत मिळण्यासारखा नव्हता. पुढची जाहिरात साडेतीन वर्षांनी आली.

त्या बाईंचा मला तेव्हा फार राग आला होता. आज मी स्वतः एका न्यायालयात कागद सांभाळते आणि मला तो राग आठवून वाईट वाटते. समन्सवर नाव चुकले तर बेलिफ दारापर्यंत जाऊन समन्स परत घेऊन येतो, तारीख वाया जाते, पक्षकार काणकोणहून दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. वॉरंटवर नाव चुकले तर काय होते ते सांगायलाच नको. जिथे नाव बघणे हेच काम आहे, तिथे नोकरी मागायला येणाऱ्याचे नाव ते बघणारच.

म्हणून आजच बसा. जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, बारावी, पदवी, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड, जातीचा दाखला असेल तर तो, लग्न झाले असेल तर लग्नाचा दाखला. सगळे जमिनीवर पसरा आणि प्रत्येकावरचे इंग्रजी नाव एका वहीत एकाखाली एक उतरवा. मनात वाचू नका, हाताने उतरवा. मनात वाचताना डोळा आपले नाव आपोआप बरोबर वाचतो. मी वर्षानुवर्षे तसेच वाचत होते.

गोव्यात ही भानगड इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, हे लक्षात ठेवा. १९६१ पर्यंत आपल्या आजोबा-पणजोबांची नावे पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिली गेली. नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, शेटच्या सुरुवातीला एक्स, कामतचे कामोतीम, प्रभूचे पोरोबो, शेणवीचे सिनाय. काहींच्या घरात एक भाऊ सिनाय लिहितो आणि दुसरा शेणॉय. गावकराचे स्पेलिंग तर मी आमच्या एकाच वाड्यावर चार तऱ्हांनी पाहिले आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजाच्या मुलांनी आणखी सावध राहावे. हे समाज २००३ साली अनुसूचित जमातींत आले. घरातले जुने कागद त्याआधीचे आणि दाखला त्यानंतरचा, म्हणून आडनाव आणि समाजाचे नाव दोन्ही ठिकाणी कसे लिहिले आहे ते जुळवून बघा.

फरक सापडला तर काय करायचे? आधी ठरवा की कुठले नाव कायम ठेवायचे. बहुतेकांना दहावीच्या प्रमाणपत्रावरचे ठेवणे सोपे जाते, कारण त्यानंतरचे सगळे शिक्षण त्याच नावाने झालेले असते. जन्मनोंदणीत लिहिणाऱ्याचीच चूक असेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधक ती दुरुस्त करू शकतो. पुरावे घेऊन जा. पण माझ्यासारखे खरोखरच दोन तऱ्हांनी नाव चालत आलेले असेल तर तो मार्ग लागू पडत नाही. त्यासाठी गोव्याचा १९९० चा नाव व आडनाव बदलाचा कायदा आहे. मी त्याखाली अर्ज केला, हरकतींसाठी सूचना निघाली आणि शेवटी राजपत्रातले ते पान हातात आले. त्या पानाच्या चार प्रती आजही माझ्याकडे आहेत. ह्या कायद्यात नंतर दुरुस्त्या झाल्या आहेत, त्यामुळे आज अर्ज नेमका कुठे द्यायचा ते तुमच्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन विचारा. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले त्यावर जाऊ नका.

आधारचे एक सांगते. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. मुलगी लग्नानंतर एकदा बदलते, मग स्पेलिंगसाठी एकदा, आणि संपले. म्हणून आधार सगळ्यात शेवटी दुरुस्त करा, बाकीचे कागद जुळल्यावर. लग्न झालेल्यांनी हेही ठरवून टाका की अर्ज माहेरच्या नावाने करायचा की सासरच्या. माहेरच्या नावाने केला तर कटकट कमी. सासरचे नाव लावलेच असेल तर दोन्ही नावांना जोडणारा कागद फाईलमध्ये हवाच हवा. आणि लहान मुले असतील तर त्यांचे आत्ताच बघून ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार आहे. त्यावर एक अक्षर चुकले तर ते वीस वर्षे त्यांच्या मागे लागेल.

वही परत एकदा बघा. वडिलांचे नावसुद्धा. मधले नाव कुठे पूर्ण आणि कुठे नुसते आद्याक्षर आहे का तेसुद्धा.

आता बाकीचे कागद. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदार कचेरीतून. निवडणुका किंवा प्रवेशाचे दिवस असले की तिथे रांग असते, आधी काढा. रोजगार विनिमय केंद्राच्या कार्डावर नूतनीकरणाची तारीख असते. ती उलटून गेली तर कार्ड असून नसल्यासारखे. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअरची तारीख बघा. आणि ह्या प्रत्येक नव्या दाखल्यावर तुमचे नाव कोणीतरी नव्याने टाईप करणार आहे. खिडकीवरून हलण्याआधी वाचा. घरी येऊन वाचलेत तर परत जावे लागेल.

जागा कुठल्या ते थोडक्यात, कारण पुष्कळ मुले काहीच माहिती नसताना अर्ज करतात. तालुक्यांतली न्यायालये, म्हणजे पेडणे, म्हापसा, डिचोली, वाळपई, केपे, सांगे, काणकोण वगैरे, ही जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या आस्थापनेखाली येतात. उत्तर गोव्याची वेगळी, दक्षिणेची वेगळी. उच्च न्यायालयाची भरती त्याहून निराळी. शिपाई, बेलिफ, कनिष्ठ कारकून, लघुलेखक, मग वरिष्ठ कारकून, अधीक्षक अशी चढती वाट आहे. लघुलेखन येणाऱ्याला आजही मागणी आहे, आणि ते शिकायला दोन वर्षे द्यायची तयारी असेल तर मी तरी तेच सुचवीन. एक मात्र आधीच ध्यानात घ्या: कारकुनीतून चढत चढत कोणी न्यायाधीश होत नाही. त्यासाठी कायद्याची पदवी हवी, आणि मे २०२५ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर ह्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे.

एमबीए झालेल्यांसाठी कोर्ट मॅनेजर नावाचे पद आहे, आणि आपल्या मुलांना ते ठाऊकच नसते. तेराव्या वित्त आयोगाने न्यायव्यवस्थेसाठी दिलेल्या ५००० कोटींतले ३०० कोटी ह्या पदासाठी होते. न्यायाधीशाने खटले ऐकावेत. इमारत, मनुष्यबळ, आकडेवारी, संगणक, पक्षकारांच्या सोयी ह्यांचा भार दुसऱ्या प्रशिक्षित माणसाने उचलावा, हा त्यामागचा विचार. पण बहुतेक राज्यांत ही माणसे कंत्राटावरच राहिली आणि योजनेचे पैसे संपल्यावर कितीकांची नोकरी अधांतरी झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या पदाची गरज पुन्हा सांगितली, आणि मे २०२५ मध्ये सगळ्या उच्च न्यायालयांना आसामचे २०१८ चे नियम नमुना म्हणून समोर ठेवून आपापले नियम करायला सांगितले; पद राजपत्रित वर्ग दोनचे असावे असेही म्हटले. एमबीए करत असाल तर ह्या नियमांवर डोळा ठेवा, आणि जाहिरात आली की पद कंत्राटी आहे की नियमित हे पहिल्यांदा वाचा. पगाराचा आकडा नंतर.

अभ्यासाचे फार सांगत नाही. सामान्यज्ञान, गणित, इंग्रजी, सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजीवर मात्र जोर द्या. डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या मराठी शाळांतून आलेल्या आपल्यासारख्यांना हेच जड जाते. साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो आणि कागदावर उतरते ते इंग्रजीत. कोकणी येणे जाहिरातींत आवश्यक म्हणून असते आणि मराठी येत असल्यास चांगले, असे म्हटलेले असते. तेव्हा देवनागरी कोकणी नीट वाचता-लिहिता येऊ द्या, घरी बोलतो म्हणून येते असे समजू नका. जुनी मार्गदर्शक पुस्तके वापरत असाल तर फौजदारीचा भाग टाकून द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ चीच आहे.

काही गोष्टी पुस्तकात मिळत नाहीत, त्या न्यायालयात जाऊन बघा. खुल्या न्यायालयात मागे बसायला कोणाची परवानगी लागत नाही. एक सकाळ द्या. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, कसा लागतो, पुकारा कसा होतो, रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारखेतारखेच्या नोंदीत, काय लिहितात, नक्कल, म्हणजे न्यायालयातल्या कागदाची अधिकृत प्रत, मागायला आलेला माणूस कुठल्या खिडकीवर जातो ते पाहा. नकलेच्या अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख ह्यांना फार महत्त्व आहे, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात. कारकुनाने ती तारीख चुकीची टाकली तर कोणाचे तरी अपील मुदतबाह्य ठरू शकते. प्रत्येक खटल्याला अक्षरे आणि आकडे मिळून सोळा खुणांचा सीएनआर नावाचा ओळख क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून एखाद्या खटल्याचा प्रवास वाचा. आपल्याकडची इन्व्हेंटरी प्रकरणे काय असतात ते घरातल्या मोठ्यांना विचारा. वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याची ही न्यायालयीन पद्धत पोर्तुगीज नागरी कायद्यातून आली आणि आता २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात आहे. तिच्यातही सगळा भर वारसांच्या नावांवर. एका वारसाचे नाव राहिले तर पुढच्या पिढीपर्यंत भांडण.

टायपिंग. कारकुनाच्या जाहिरातींत आतापर्यंत मिनिटाला ३० शब्द बघत आले आहे. तुम्ही ४० ची तयारी करा, कारण तिथला कीबोर्ड तुमचा नसतो आणि हात गार पडतात. लॅपटॉपवर सराव करू नका. जुना, खडखड वाजणारा कीबोर्ड मिळवा.

पत्ता नीट वाचा. उच्च न्यायालय २०२१ पासून पर्वरीला आहे, पण अजून कोणी कोणी पणजीत आल्तिनोला जुन्या जागी जाऊन उभे राहतात. उत्तर गोव्याचे जिल्हा न्यायालय मेरशीला. आदल्या दिवशी बस बघून ठेवा. पावसात फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत. मूळ कागद लॅमिनेट करू नका. झेरॉक्सचे तीन संच, फोटो दहा.

परीक्षेच्या दिवशी हजेरीपटावर सही करताना त्यावर छापलेले तुमचे नाव वाचा. चूक असेल तर तिथेच सांगा.

मुलाखत असेल तर खरे बोला, एवढेच. पोलीस पडताळणीला शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. वैद्यकीय तपासणीला उपाशीपोटी जायचे का ते विचारून घ्या.

नेमणुकीचे पत्र हातात आले की सही करायच्या आधी वाचा. माझ्या पत्रावर देसाईत पुन्हा दोन एस आले होते. मी राजपत्राचे पान पिशवीतून काढून टेबलावर ठेवले, त्यांनी पत्र परत टाईप केले, आणि मग मी सही केली.