पावसात वायफाय ड्रायव्हरच्या की-चं काम काढताय? मग हे आधी जमवा

की म्हणजे वायफायचा डेटा कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली, आणि ती चिपमध्ये बसवणारा-काढणारा कोड ड्रायव्हरमध्ये असतो. सगळ्यात आधी लाईट. जून लागला की देवगड-मालवणकडे ती कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉपला बॅटरी असते हो, पण ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा राउटर) मधेच बंद पडला तर हँडशेक, म्हणजे जोडताना की ठरवणारी चार मेसेजची देवाणघेवाण, अर्धवट राहतो आणि मग घोळ ड्रायव्हरचा की लाईटचा हे शोधत बसा, म्हणून तो इन्व्हर्टरवर घ्या. नेट धड आहे तेव्हाच लिनक्स कर्नलचा पूर्ण गिट क्लोन (कोडची सगळ्या इतिहासासकट प्रत) उतरवून ठेवा, शॅलो म्हणजे फक्त ताजा भाग असलेला नको, कारण ही ओळ कुणी का टाकली ते जुना इतिहास असल्याशिवाय कळत नाही.

मशीन दोन लागतील, एक कोड लिहायला आणि एक कर्नल पॅनिक होऊन (कर्नलच कोसळून) आपटायला. शिवाय मॉनिटर मोडला जाणारं, म्हणजे हवेतल्या सगळ्या फ्रेम (वायफायवरून जाणारे डेटाचे तुकडे) ऐकणारं, तिसरं वायफाय कार्ड. डोंगल डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, खाऱ्या हवेने पिना खराब झाल्या की ते मधेच सुटतं आणि आपण उगाच डिस्कनेक्टचा कोड तपासत बसतो.

टेस्टला वेगळं नेटवर्क, वेगळा टाकाऊ पासवर्ड, घरचा नाही. वायरशार्कला (पॅकेट पकडून वाचायचं सॉफ्टवेअर) फ्रेम उघडायला तो पासवर्ड द्यावा लागतो आणि चारही मेसेजचा हँडशेकही हवा असतो, त्यामुळे आधी कॅप्चर सुरू, मग कनेक्ट. आणि कृपा करून डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) की छापू नका, ‘नंतर काढतो’ म्हणून ठेवलेली ती ओळ तशीच राहते.

आता मुद्द्याचं. हार्डवेअर क्रिप्टो, म्हणजे चिपनेच केलेलं एन्क्रिप्शन, बंद करून एकदा सगळं चालवून बघा. बऱ्याच ड्रायव्हरांत त्यासाठी ‘नोएचडब्ल्यूक्रिप्ट’ असा पर्याय असतो, नसेल तर सेट-की (की बसवणारं-काढणारं ड्रायव्हरचं फंक्शन) मधून ‘सपोर्ट नाही’ची एरर परत करा, मॅक८०२११ (कर्नलमधला वायफायचा थर) ते काम सॉफ्टवेअरमध्ये करतं. असंही अडलं तर दोष चिपमधल्या की साठवायच्या टेबलात नाही, तिकडे वेळ घालवू नका.

की बसवायचा कोड बहुतेकांचा चालतो हो, गोंधळ असतो तो काढण्यात आणि परत बसवण्यात. होस्टएपीडीत (ॲक्सेस पॉइंट चालवणारं सॉफ्टवेअर) ग्रुप रीकी, म्हणजे सगळ्यांना एकत्र जाणाऱ्या फ्रेमची की बदलायचं अंतर, ६० सेकंदांवर आणा, म्हणजे दर मिनिटाला ग्रुप की बदलेल, इंडेक्स आलटून पालटून १ आणि २. जुनी की काढताना ड्रायव्हर चिपमधला स्लॉट मोकळा करत नसेल तर चाकरमानी मुंबईला गेला तरी खोलीला कुलूप त्याचंच अशी गत, टेबल भरलं की नवी की बसतच नाही.

पॅकेट नंबर (प्रत्येक फ्रेमला वाढत जाणारा आकडा) वाचायची सवय आधीच करून घ्या. सीसीएमपीच्या (डब्ल्यूपीए२ मधली एन्क्रिप्शनची पद्धत) ८ बाइटच्या हेडरमध्ये तो सलग नसतो, आधी दोन बाइट, मग एक राखीव, मग की आयडीचा, मग उरलेले चार. २०१७ च्या क्रॅक नावाच्या हल्ल्यात हँडशेकचा तिसरा मेसेज पुन्हा आला की तीच की परत बसायची आणि हा नंबर मागे जायचा, म्हणजे तोच नॉन्स (एका की-सोबत एकदाच वापरायचा आकडा) दोनदा. पण तोच नंबर दोनदा दिसला म्हणून लगेच ओरडू नका, रीट्रायचा बिट (फ्रेम पुन्हा पाठवल्याची खूण) लागलाय का बघा! आपल्याकडच्या जाड जांभ्याच्या भिंतींपलीकडे ॲक्सेस पॉइंट ठेवलात तर रीट्राय भरपूर येतात आणि त्यात नंबर तोच असतो, त्यात काही चूक नाही. तेव्हा टेस्टपुरता ॲक्सेस पॉइंट एकाच खोलीत आणा.

ट्रॅफिक जोरात चालू असतानाच स्टेशन (जोडलेलं उपकरण) डिसअसोसिएट करायची, म्हणजे तोडायची, कमांडही तयार ठेवा. २०२० मध्ये उघड झालेल्या क्रूक नावाच्या त्रुटीत नेमकं तेच होतं, चिप की पुसून शून्य करायची आणि बफरमध्ये उरलेल्या फ्रेम त्या शून्य की-नेच बाहेर जायच्या. म्हणजे आधी रांग रिकामी, मग की पुसणं, आणि मेमरीतून पुसायला साधा मेमसेट नको, कंपायलर तो उडवू शकतो, मेमझीरो-एक्स्प्लिसिट वापरा.

लॅपटॉपचं झाकण बंद-चालू करून सस्पेंडही बघायचाय, जागं झाल्यावर की परत बसतात तेव्हा पॅकेट नंबर पुढूनच चालू होतोय ना. आणि ही टेस्ट चार्जर लावून एकदा, काढून एकदा.