पाऊल पुढे पडत नाही? आधी गोळ्यांची पिशवी उघडा

खुब्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले, व्यायाम रोज चालू, तरी प्रगती नाही. मग घरचे म्हणतात, ‘वय झालं’, नाहीतर ‘आळस करतात’. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला सगळ्यात जास्त सलते ती हीच चूक.

एक आजी आठवतात. पाय घासत चालायच्या, चेहरा निर्विकार, चालताना हात हलतच नसत. मी पहिले दोन आठवडे व्यायामच वाढवत राहिले. मग गोळ्या बघितल्या: चक्कर येते म्हणून कधीकाळी लिहून दिलेली सिनारिझिन महिनोन्‌महिने चालूच! या गोळीने कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. पोटासाठी दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रमाइड, लेव्होसल्पिराइडचंही तेच. आजींना तर कंपवाताचं औषध सुरू करायचं घाटत होतं, म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी. डॉक्टरांनी सिनारिझिन थांबवली आणि हळूहळू, काही महिन्यांत, पाऊल उचलायला लागलं.

दुसरी चूक म्हणजे बिछान्यातून थेट उभं करणं. बीपीची, लघवीची, प्रोस्टेटची गोळी घेणाऱ्यांचा बीपी उभं राहताच उतरू शकतो. 5 मिनिटं आडवं ठेवून बीपी मोजा, मग उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांना कळवा. उठवताना आधी पाय खाली सोडून बसवा, घोटे वरखाली करायला लावा, मगच उभं करा.

झोपेच्या गोळीची गुंगी सकाळीही उरते. डायझेपाम तर म्हातारपणी शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनही तोल घालवतं, पण औषधं विचारली की ती कुणी सांगत नाही.

बीपी-हृदयासाठीच्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळीवर असणाऱ्यांना व्यायामात नाडीचा ठरावीक आकडा गाठायला लावू नका; ही गोळी नाडी मुळातच फारशी वाढू देत नाही. बोलता येईल इतकाच दम लागू द्या. सोबत मधुमेहाचं औषध असेल तर जास्तच जपा: साखर उतरल्याची धडधड, थरथर मेटोप्रोलॉलने झाकली जाते. घाम मात्र येतो, तो ओळखा.

आणि हे वाचून कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका. मेटोप्रोलॉल एकदम तोडली तर छातीत दुखू शकतं, झोपेची गोळी तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. आठवडाभर एका वहीत गोळीची वेळ आणि तोल गेल्याची वेळ शेजारी शेजारी लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.