तेल घातल्यावर ट्रम्पेटमधून हवाच जाईना: माझा अनुभव

माझ्याकडे शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीने घरी व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या तीन कळा) काढून त्यांना तेल घातले आणि ट्रम्पेट बंदच पडला. फुंकले की हवा आत कुठेतरी अडायची. माउथपीस (ओठांना लावून फुंकायचा तुकडा) धुतला, बदलून पाहिला, नळ्यांतून कोमट पाणी सोडले. काही उपयोग नाही. अर्धा तास वाया गेला, मुलगी रडवेली झाली.

दोष व्हॉल्व्ह चुकीचे बसल्याचा होता. पिस्टनवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत वरखाली सरकणाऱ्या नळकांड्यांवर, 1, 2, 3 आकडे कोरलेले असतात. माउथपीसच्या सर्वांत जवळचा 1. इथे 1 आणि 3 ची अदलाबदल झाली होती.

दोन्हींची वरची झाकणे सोडवली, पिस्टन सरळ वर ओढून काढले. आधी 1 त्याच्या जागी सोडला, आकडा माउथपीसकडे ठेवून (बहुतेक ट्रम्पेटांत असाच असतो). मग पिस्टनचा वरचा दांडा धरून हळूहळू फिरवला, ‘टक’ होऊन फिरणे थांबेपर्यंत. हा टक महत्त्वाचा; तो न होता झाकण लावले तर पिस्टन पुन्हा फिरतो. झाकण बोटांनीच आवळले. मग 3 तसाच. 2 चा दांडा फिरवून पाहिला, तो फिरला नाही, म्हणजे नीट बसलेला होता.

शेवटी ओठ न थरथरवता नुसती फुंकर मारली, एकेक व्हॉल्व्ह दाबत. हवा मोकळी बाहेर आली.

आता मी मुलांना एका वेळी एकच व्हॉल्व्ह काढायला शिकवतो.