फिल्टर मोकळा सोडला की आकडे चुकतात? या चुका टाळा

लातूर, जालना, परभणी इथल्या मोंढ्यांतल्या आवकेचा एक तक्ता धरा: जिल्हा, तालुका, शेतमाल, तारीख, शिल्लक पोती. प्रत्येकावर फिल्टर, पण एकही सक्तीचा नाही.

पहिली तक्रार हमखास हीच असते: तालुका न निवडता शोधलं की यादी रिकामी. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या एसक्यूएल आज्ञेत, ‘तालुका = ? ऑर ? इज नल’ लिहिलेलं असतं (‘?’ म्हणजे निवडलेली व्हॅल्यू, ‘नल’ म्हणजे व्हॅल्यूच नाही), पण वेबफॉर्मच्या मोकळ्या खान्यातून नल येत नाही, रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, येते. मग मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस बिननावाचा तालुका शोधत बसतो. ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगलाच नल मानतं, त्यामुळे तिथं चाललेली क्वेरी इकडं आणली की अडते. स्पेस छाटून रिकाम्याचं नल करणं कोडमध्येच, क्वेरीच्या आधी उरका.

त्याहून घातक ‘तालुका = कोअलेस(?, तालुका)’. कोअलेस यादीतली पहिली नल नसलेली व्हॅल्यू देतं. दिसायला सुटसुटीत. फिल्टर मोकळा असला की अट ‘तालुका = तालुका’ अशी होते. ज्या पावतीवर तालुका भरलेलाच नाही, तिथं नलची नलशी तुलना होते. तिचं उत्तर ‘खरं’ नव्हे, ‘अज्ञात’. व्हेअर, म्हणजे क्वेरीतला अटींचा भाग, फक्त ‘खरं’ ठरलेल्या ओळी ठेवतं. एरर कुठंच नाही, आवकेची बेरीज तेवढी कमी भरते, आणि ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. नमुन्याशी जुळवणाऱ्या ‘लाइक’ला नुसतं टक्क्याचं चिन्ह (‘काहीही चालेल’) दिलं तरी हेच. म्हणून सगळे फिल्टर मोकळे ठेवून आलेल्या ओळी मूळ तक्त्याच्या काउंटशी जुळवून बघा.

आमचं मत सरळ आहे: जे निवडलं नाही त्याची अट क्वेरीत घालूच नका. कोडमध्ये अटींची यादी ठेवा, निवडलेल्याच तिच्यात टाका, ‘अँड’ने जोडा, व्हॅल्यू मात्र पॅरामीटरनेच, म्हणजे ‘?’च्या जागी, द्या, क्वेरीच्या स्ट्रिंगला चिकटवू नका. ‘ऑर’चीच पद्धत ठेवायची तर प्रत्येक जोडीला कंस हवाच, कारण ‘अँड’ आधी बांधला जातो. शिवाय एसक्यूएल सर्व्हर पहिल्या निवडीवर बेतलेला प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा) साठवून पुढच्यांनाही तोच वापरतो. एका शेतमालाला झटपट, दुसऱ्याला रखडत, असं दिसलं तर दर वेळी नवा प्लॅन करायला लावणारं ‘ऑप्शन (रीकंपाइल)’ लावून बघा.

अटी जोडताना 0 सांभाळा. ‘शिल्लक 0’ ही खरी निवड आहे, पण जावास्क्रिप्टमध्ये ‘इफ (शिल्लक)’ लिहिलं तर 0 हा आकडा ‘खोटं’ धरला जातो आणि ती गळते. थेट नलशीच ताडून बघा.

तारखेसोबत वेळही साठवत असाल तर ‘बिट्वीन’ (या तारखेपासून त्या तारखेपर्यंत) टाळा. 31 ऑक्टोबरपर्यंत म्हटलं की ते 31 च्या मध्यरात्री 00:00 ला थांबतं आणि त्या दिवसाची आवक जाते. 1 नोव्हेंबरपेक्षा लहान, अशी अट द्या.

मराठवाड्यापुरती एक खास अडचण: 2023 च्या नामांतरानंतर जुन्या नोंदींत ‘उस्मानाबाद’, नव्यांत ‘धाराशिव’. फिल्टर नावावर असेल तर अर्धाच जिल्हा दिसेल. तो जिल्ह्याच्या कोडवर लावा, नाव फक्त दाखवण्यापुरतं.