शेळीच्या पाटीची मान वर अडकली होती, बी-१ नं उतरली

सकाळी गोठ्यात गेले तर आमची सात महिन्यांची पाट, म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, मान मागे टाकून एकटक वर बघत उभी. पुढे धरलेला पाला तिला दिसेना. दोन पावलं चालली आणि भिंतीवर आदळली. डोळ्यावर बॅटरी मारली, तर बाहुली मात्र नीट आकसली. डॉक्टरांना हे सांगताच त्यांना शंका आली, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व कमी पडलंय. डोळे शाबूत, बिघाड मेंदूत.

एरवी रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणूच बी-१ बनवतात. पण मी मक्याचा भरडा एकदम वाढवला होता. त्यानं पोटात आम्ल वाढतं आणि थायमिन तोडणारे जिवाणू माजतात.

डॉक्टरांनी किलोमागे १० मिलिग्रॅम हिशोबानं इंजेक्शन दिलं, पुढचे डोस दर ६ तासांनी. रात्रभर तिच्याजवळच बसले. दुसऱ्या दुपारी तिनं माझ्या हातातला पाला ओढला आणि माझे डोळे भरून आले. नजर परतायला आणखी चार दिवस लागले. शिशाची विषबाधा किंवा लिस्टेरिया (जिवाणूंमुळे मेंदूला सूज आणणारा आजार) हाही सुरुवातीला असाच दिसू शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सुई टोचू नका.

आता आधी वाळला चारा घालते, भरडा मूठमूठ वाढवते.