लहान मुलांना ऑपरेशनआधी तोंडाने मिडाझोलम: मात्रा, वेळ आणि वॉर्डातल्या चुका

तीन-चार वर्षांचं मूल ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) दाराशी आईला बिलगलं की समजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. अशा मुलाला भूलतज्ज्ञ आधीच मिडाझोलम हे गुंगीचं औषध लिहून देतात. याने मूल गाढ झोपत नाही. गुंगतं, शांत होतं आणि आईकडून दुसऱ्याच्या कडेवर जाताना रडत नाही. ‘औषध देऊनही झोपलं नाही’ म्हणून दुसरा डोस मागू नये.

नेहमीची मात्रा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, वजन कितीही असलं तरी २० मिलिग्रॅमच्या वर नाही. शिरेतल्या डोसच्या मानाने ही फार मोठी वाटते, पण गिळलेल्या औषधाचा बराच भाग आतड्यात आणि यकृतातच संपतो. वजन आईला विचारून लिहू नका, काट्यावर घ्या.

तयार सिरप नसेल तर इंजेक्शनचंच औषध पाजतात, आणि मोठी चूक इथेच होते. मिडाझोलम १ मिलिग्रॅम प्रति मिली आणि ५ मिलिग्रॅम प्रति मिली अशा दोन्ही ताकदींत मिळतं. १६ किलोच्या मुलाला ८ मिलिग्रॅम हवं: पहिल्यातून ८ मिली, दुसऱ्यातून १.६ मिली. अदलाबदल झाली तर पाचपट औषध जातं. लेबल दोघांनी मोठ्याने वाचावं. सुई काढून टाका आणि सिरिंजवर ‘तोंडाने’ असं लिहा, म्हणजे ती चुकून सलाईनच्या नळीला लागणार नाही.

औषध कडूजहर असतं. तीन-चार मिली साखरेच्या पाकात किंवा गाळलेल्या सफरचंदाच्या रसात मिसळा. दूध नको, ते उपाशीपोटाच्या नियमात बसत नाही. मूल बसलेलं असताना गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा. थुंकलं तर किती पोटात गेलं ते कळत नाही, म्हणून अंदाजाने पुन्हा देऊ नका, भूलतज्ज्ञांना कळवा.

वेळ चुकली की सगळी मेहनत वाया. परिणाम १०-१५ मिनिटांत दिसू लागतो, २०-३० मिनिटांत चांगला रंगतो आणि पाऊण तासानंतर ओसरत जातो. म्हणून ‘पुढची केस’ ऐकून नव्हे, ओटीतून नक्की फोन आल्यावरच द्या.

झोपेत घोरून श्वास अडकणारं मूल, डोक्यातला दाब वाढलेलं, भरल्या पोटाचं, किंवा एरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) चालू असलेलं मूल असेल तर आधी भूलतज्ज्ञांशी बोला. ही दोन औषधं मिडाझोलमचा निचरा मंदावतात, गुंगी लांबते.

डोसनंतर मूल चालवायचं नाही. कडेवर किंवा कठडे लावलेल्या खाटेवर. पल्स ऑक्सिमीटर लावलेला, ऑक्सिजन, तोंडातला स्राव ओढून घेणारं सक्शन आणि श्वास देण्यासाठी मुलाच्या मापाची मास्क-बॅग हाताशी. एखादं मूल गुंगण्याऐवजी उलट चिडतं, हातपाय झाडतं. तेव्हा वाढीव डोस नाही. भूलतज्ज्ञांना बोलवा, गरज पडल्यास ते फ्लुमाझेनिल, म्हणजे मिडाझोलमचा परिणाम उतरवणारं औषध, देतात.