घरातील लेट्यूससाठी दिव्याचा रंग कसा निवडावा

घरात लेट्यूस लावायचे म्हटले की बाजारात बहुधा जांभळा प्रकाश देणारे एलईडी पॅनेल पुढे केले जाते. पानातील हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश हिरव्यापेक्षा अधिक शोषते, हे त्यामागचे कारण खरे आहे; मात्र त्यावरून पांढरा दिवा कुचकामी ठरत नाही, आणि घरगुती लागवडीसाठी मी तोच सुचवीन.

दिव्याच्या रंगाचा संबंध बी रुजण्यापासूनच येतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनी १९५२ साली 'ग्रँड रॅपिड्स' या लेट्यूसच्या जातीवर दाखवून दिले की लाल प्रकाश मिळाल्यावर बी रुजते, त्यानंतर लगेच दूर-लाल, म्हणजे सुमारे ७३० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश दिल्यास रुजणे थांबते, आणि आलटून पालटून दोन्ही दिले तर शेवटी कोणता दिला यावर निकाल ठरतो. आजच्या सगळ्याच जाती इतक्या हट्टी नाहीत, तरी बी ओल्या कोकोपीटवर टाकून त्यावर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा थर द्यावा आणि पहिल्या दिवसापासून दिवा लावावा. कोकोपीट ३० अंशांच्या आसपास तापले, तर प्रकाश असूनही अनेक जातींचे बी सुप्त राहते. त्यामुळे उन्हाळ्यात ट्रे घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवणे बरे.

रोपे वर आल्यावर लाल आणि निळ्या प्रकाशाचे प्रमाण महत्त्वाचे ठरते. सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश प्रकाशसंश्लेषणासाठी अत्यंत कार्यक्षम असला, तरी नुसत्या लाल प्रकाशात वाढलेले लेट्यूस लांबट, फिकट आणि पातळ पानांचे होते, आणि रोपे आडवी पडू लागतात. सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश जोडीला असला की रोप आटोपशीर राहते आणि पान जाड व गडद होते. पण निळ्याचे प्रमाण फार वाढवले, तर पाने आखूड राहतात, पानांचा पसारा कमी पडल्याने एकूण प्रकाशही कमी झेलला जातो आणि उत्पन्न घटते. हिरवा प्रकाश वाया जातो हा समजही चुकीचा आहे, कारण तो पानात खोलवर शिरतो आणि वरच्या पानांतून खालच्या पानांपर्यंतही पोहोचतो.

पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते आणि तिच्यावरील फॉस्फरच्या लेपामुळे हिरवा व लाल प्रकाश मिळतो, त्यामुळे तिन्ही रंग एकाच दिव्यात येतात. सुमारे ४००० केल्विनचा (केल्विन हे दिव्याच्या रंगछटेचे माप) दिवा लेट्यूसला पेरणीपासून कापणीपर्यंत चालतो. रोपे लांबुळकी होत असतील, तर ६५०० केल्विनचा, अधिक निळसर दिवा लावून पाहावा. मात्र त्याआधी प्रकाशच अपुरा नाही ना, हे तपासावे, कारण बहुतेक वेळा दोष रंगाचा नसून प्रकाशाच्या कमतरतेचा असतो.

त्यासाठी मोबाइलमधील लक्स मोजणारे अॅप पानांच्या उंचीवर धरावे. पांढऱ्या एलईडीखाली १४,००० ते १५,००० लक्स म्हणजे ढोबळमानाने दर चौरस मीटरवर दर सेकंदाला २०० ते २२० मायक्रोमोल (झाडाला उपयोगी प्रकाशकण मोजण्याचे एकक) प्रकाश, आणि तो रोज १६ तास मिळाला की लेट्यूस चांगले पोसते. जांभळ्या पॅनेलखाली हे गणित लागू पडत नाही, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यानुसार हिरव्या-पिवळ्याला झुकते माप देते आणि लाल-निळ्याला कमी लेखते. टायमर लावावा, दिवा वाढत्या रोपांबरोबर वर सरकवावा आणि खोलीत छोटा पंखा फिरता ठेवावा. हवा साचली की आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पुरेसे पोहोचत नाही आणि त्यांच्या कडा करपतात.

लोलो रोसोसारख्या लाल जाती घरात अनेकदा हिरव्याच राहतात. लाल रंग देणारे अँथोसायनिन निळ्या आणि तीव्र प्रकाशात अधिक बनते, म्हणून कापणीआधीचे पाच-सहा दिवस जादा निळा दिवा द्यावा. पाने तोवर पूर्ण वाढलेली असल्याने आकाराचे नुकसान फारसे होत नाही. दूर-लाल दिवे असलेल्या पॅनेलमध्ये ते या काळात बंद ठेवावेत, कारण त्या प्रकाशाने पाने पसरट होतात, पण रंग उतरतो.

जांभळा पॅनेल आधीच घेतला असेल, तर तो टाकून देण्याची गरज नाही. त्याच्या शेजारी एक साधी पांढरी एलईडी ट्यूब लावावी आणि रोपे तपासताना जांभळा दिवा बंद करावा, कारण त्या प्रकाशात पिवळे पडलेले पान आणि निरोगी पान यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही.